सागरी सफरचंद

सागरी सफरचंद हे कंटकचर्मी प्राणिसंघाच्या होलोथुरॉयडिया वर्गातील, म्हणजे समुद्रकाकड्यांच्या वर्गातील, काही रंगीत प्राण्यांचे व्यवहारातील नाव आहे. हे नाव मुख्यतः *स्यूडोकोलोकायरस* या प्रजातीतील जातींना लावले जाते. *स्यूडोकोलोकायरस व्हायोलेशियस* ही त्यांतील सर्वांत परिचित जाती होय. या प्राण्याचे शरीर फुगीर, दोन्ही टोकांना वर वळलेले आणि जांभळे, निळे किंवा तांबडे असते. त्यावर पिवळ्या अथवा लाल नलिकापादांच्या रांगा असतात आणि तोंडाभोवती झाडाच्या फांद्यांसारखे दहा संस्पर्शक पसरलेले असतात. बहुतेक परिचित समुद्रकाकड्या तळावरचा गाळ गिळतात. सागरी सफरचंद आणि त्याचे निकटचे नातेवाईक मात्र पाण्यात तरंगणारे सूक्ष्म अन्न संस्पर्शकांनी टिपून खातात. त्यामुळे त्यांना गाळणभक्षी म्हटले जाते.

महाराष्ट्रातील शालेय विद्यार्थ्याला समुद्रकाकडीची पहिली ओळख इयत्ता दहावीच्या विज्ञानातील प्राण्यांच्या वर्गीकरणात होते. तेथे तारामासा, सी-अर्चिन आणि ब्रिटल स्टार यांच्या सोबतीला ‘सी-ककुंबर’ हे नाव येते. जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावात तर या संघातील एकही जिवंत प्राणी दिसण्याची शक्यता नाही, आणि त्याचे कारण केवळ अंतर नव्हे. कंटकचर्मी प्राणी शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखू शकत नाहीत. त्यामुळे संपूर्ण संघात गोड्या पाण्यात राहणारी एकही जाती नाही. दुधनेत किंवा गोदावरीत मासे, खेकडे, शिंपले, गोगलगायी, एवढेच काय गोड्या पाण्यातील स्पंजही सापडू शकतात, पण समुद्रकाकडीचा कोणताही नातेवाईक सापडणार नाही.

== नाव आणि वर्गीकरण ==

समुद्रकाकड्यांच्या सुमारे १,७०० जाती ज्ञात आहेत. त्यांतील गाळणभक्षी जाती प्रामुख्याने डेंड्रोकायरोटिडा या गणात येतात. ग्रीक भाषेत ‘डेंड्रॉन’ म्हणजे झाड आणि ‘केर’ म्हणजे हात. झाडासारखे हात असलेला तो हा गण. सागरी सफरचंदाचा समावेश या गणातील क्युक्युमॅरिडी कुलात होतो.

*व्हायोलेशियस* या जातीचे वर्णन स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ यालमार थेएल यांनी १८८६ मध्ये केले. ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात केलेल्या सागरी मोहिमेतील समुद्रकाकड्यांचा अभ्यास थेएल यांच्याकडे सोपवण्यात आला होता. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या *स्यूडोकोलोकायरस ॲक्सिओलोगस* या जातीचे वर्णन ह्यूबर्ट लायमन क्लार्क यांनी १९१४ मध्ये केले. रंगांमध्ये इतकी विविधता आढळते, की एकाच नावाखाली प्रत्यक्षात किती जाती दडल्या आहेत हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

रंगावरून जात ओळखण्यात आणखी एक अडचण आहे. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडतो आणि मरताना प्राणी संस्पर्शक आत ओढून घेतो. संग्रहालयाच्या बरणीतील सागरी सफरचंद त्यामुळे एखाद्या फिकट, सुरकुतलेल्या लोणच्याच्या फोडीसारखे दिसते आणि जिवंत प्राण्याची त्यावरून कल्पनाही येत नाही. म्हणूनच तज्ज्ञ त्वचेतील अस्थिकांवर विसंबतात. अस्थिका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म तबकड्या, गुंड्या व जाळ्या. त्वचेचा लहानसा तुकडा विरंजक द्रवात टाकला की मांसल भाग विरघळून जातो आणि उरलेल्या अस्थिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात. फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होऊन याच अस्थिका विरघळवते, त्यामुळे समुद्रकाकड्यांचे नमुने त्यात दीर्घकाळ ठेवणे टाळतात.

== शरीररचना ==

तारामासा आणि समुद्रकाकडी यांत वरवर काही साम्य दिसत नाही, परंतु दोघांच्याही शरीराचा आराखडा पाचाच्या पटीत आखलेला आहे. तारामाशाचे तोंड खाली तळाकडे असते. तोच प्राणी उभ्या दिशेने लांबवून नंतर कुशीवर आडवा केला, तर समुद्रकाकडीची ढोबळ कल्पना येते. तोंड एका टोकाला आणि गुदद्वार दुसऱ्या टोकाला जाते. नलिकापादांच्या पाच रांगांपैकी तीन खालच्या बाजूला येतात आणि दोन पाठीवर राहतात. खालच्या तीन रांगांतील नलिकापाद बळकट असून त्यांच्या चूषकांनी प्राणी खडकाला घट्ट धरून राहतो. सागरी सफरचंदात तोंड आणि गुदद्वार दोन्ही वरच्या बाजूस वळलेली असतात. प्रवाहात पाय रोवून तोंड वर धरण्यासाठी हा आकार सोयीचा ठरतो.

संस्पर्शक हे मुळात नलिकापादांचेच रूपांतर आहे. शरीरातील जलवाहिका संस्थेतून त्यांत द्रव ढकलला जातो आणि ते फुलतात. या द्रवाचा जादा साठा पोली पिशवी नावाच्या फुग्यासारख्या अवयवात राहतो. घशाभोवती चुनखडीच्या दहा तुकड्यांचे कडे असते. त्याला पाच आकर्षी स्नायू जोडलेले असतात. धोक्याची चाहूल लागताच हे स्नायू आखडतात आणि संस्पर्शकांसह संपूर्ण तोंडाचा भाग शरीरात ओढला जातो. क्षणापूर्वी फुललेले झाड नाहीसे होऊन त्या जागी एक गुळगुळीत फळ उरते. ‘सफरचंद’ हे नाव त्या वेळी खरे शोभते.

मेंदू आणि डोळे नसतात. तोंडाभोवतीचे चेताकडे आणि त्यातून निघणाऱ्या पाच चेतारज्जूंवर सारा कारभार चालतो. श्वसनासाठी गुदद्वाराच्या आतील अवस्कर या कक्षातून पाणी आत ओढले जाते आणि श्वसनवृक्ष नावाच्या दोन फांद्यादार नळ्यांत भरले जाते. प्राणी अनेकदा थोडेथोडे पाणी आत घेतो आणि नंतर एका दमात बाहेर फेकतो.

त्वचेखालच्या ऊतींचा एक गुणधर्म विशेष उल्लेखनीय आहे. त्यातील कोलॅजेन तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य चेतासंस्थेच्या आज्ञेने घट्ट किंवा सैल होऊ शकते. त्यामुळे स्नायूंवर ताण न देता शरीर काही क्षणांत टणक होते, आणि गरज पडल्यास मऊ पडून फटीत शिरते.

== अन्नग्रहण ==

पाण्यातून अन्न गाळणारे बहुतेक परिचित प्राणी स्वतःच पाणी खेचतात. कालवे व शिंपले कल्ल्यांवरील सूक्ष्म रोमांच्या हालचालीने पाणी ओढून घेतात आणि स्पंजही तसेच करतात. सागरी सफरचंद पाणी खेचण्यावर शक्ती खर्च करत नाही. ते प्रवाहाच्या वाटेत आपले संस्पर्शक पसरून बसते आणि अन्न वाहून आणण्याचे काम प्रवाहावर सोपवते. त्यामुळे त्याच्या दृष्टीने जागेची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. खडकाचा उंचवटा, प्रवाळाची कड किंवा स्पंजाचा माथा अशी पाणी सतत हलते राहील अशी जागा ते निवडते. एकदा चांगली जागा सापडली की ते तेथे दीर्घकाळ राहते. प्रवाह मंदावला तर ते नलिकापादांवर सरपटत दुसरीकडे जाते.

संस्पर्शकाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाला असंख्य बारीक उंचवटे असतात आणि त्यांवर चिकट श्लेष्म असतो. वनस्पती प्लवक, प्राणी प्लवकांची अंडी, जिवाणूंनी वेढलेले सेंद्रिय कण असे जे काही आदळेल ते चिकटते. पुरेसे अन्न जमल्यावर तो एक संस्पर्शक आत वळतो आणि मुळापर्यंत तोंडात शिरतो. घशाचे स्नायू त्याच्याभोवती आवळतात आणि संस्पर्शक बाहेर निघताना त्यावरचा श्लेष्म कणांसह आतच राहतो. दहा संस्पर्शकांपैकी खालच्या बाजूचे दोन बहुधा इतरांहून आखूड असतात. मोठा संस्पर्शक तोंडातून बाहेर येताना तो निपटून घेण्यास हे दोन मदत करतात. बोटाला लागलेला मध चाटून खाणाऱ्या मुलाची हालचाल यापेक्षा फारशी वेगळी नसते. मात्र येथे बोटे दहा असून ती एकामागून एक तोंडात जातात आणि उरलेली नऊ त्या वेळी पाण्यात पसरलेलीच असतात.

संस्पर्शक तोंडात जाण्याचा वेग पाण्यातील अन्नावर अवलंबून असतो. प्लवक विपुल असले की फेऱ्या वाढतात आणि कमी असले की संस्पर्शक बराच वेळ ताटकळतात किंवा मिटून घेतले जातात. उत्तर अटलांटिकमधील *क्युक्युमॅरिया फ्रॉंडोसा* या जातीत हे ऋतुमानाप्रमाणे घडते. वसंत व उन्हाळ्यात प्लवकांचा बहर असताना ती भरपूर खाते आणि हिवाळ्यात जवळजवळ उपाशी राहते. या जातीचा आणखी एक गुण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आला. परिस्थिती प्रतिकूल झाली की ती शरीरात पाणी भरून घेते, हलकी होते आणि तळावरची पकड सोडून प्रवाहाबरोबर गडगडत जाते. अशा रीतीने दिवसाला ९० किलोमीटरपर्यंत प्रवास शक्य आहे, असा अंदाज संशोधकांनी वर्तवला. आयुष्यभर एका जागी चिकटून राहणारा प्राणी ही समुद्रकाकडीची रूढ प्रतिमा त्यामुळे बदलावी लागते.

== रंग आणि विष ==

समुद्रकाकड्यांपैकी गाळ खाणाऱ्या बऱ्याच जाती तपकिरी, करड्या अथवा काळ्या असून तळाच्या रंगात मिसळून जातात. उघड्यावर बसून संस्पर्शक पसरणाऱ्या जातींमध्ये मात्र भडक रंग वारंवार दिसतात. *कोलोकायरस रोबस्टस* हळदीसारखी पिवळी असते, तर *सर्कोडेमास अँसेप्स* गुलाबी-तांबडी असून तिच्या अंगावर पिवळ्या गाठी असतात. हा रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी सूचना असावी, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे आणि या प्राण्यांच्या रसायनशास्त्राचा त्याला आधार मिळतो.

समुद्रकाकड्यांच्या शरीरात सॅपोनिन गटातील संयुगे असतात. हा गट मराठी वाचकाला वेगळ्या वाटेने परिचित आहे. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस सॅपोनिनांमुळेच होतो. सह्याद्रीच्या परिसरात गेळाची फळे ठेचून डोहात टाकून मासे बधिर करण्याची जुनी पद्धत आहे, तिच्यामागेही सॅपोनिनच आहेत. पेशींच्या पटलातील कोलेस्टेरॉलशी ती जोडली जातात आणि पटलाला छिद्रे पडतात. माशांचे कल्ले पातळ पटलांचे असल्याने पहिला आघात त्यांच्यावर होतो. वनस्पतींमध्ये सर्रास आढळणारी ही संयुगे प्राण्यांमध्ये दुर्मीळ आहेत. समुद्रकाकड्या आणि तारामासे ही त्यांची मुख्य उदाहरणे होत. समुद्रकाकडीला स्वतःच्या विषाची बाधा होत नाही, कारण तिच्या पेशीपटलांत कोलेस्टेरॉलऐवजी वेगळ्या घडणीचे स्टेरॉल असतात. या विषाला होलोथुरिन हे नाव मिळाले. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील रॉस निग्रेली यांनी १९५२ मध्ये त्याच्या परिणामांविषयी लिहिले.

काही समुद्रकाकड्या शत्रूवर पांढरे चिकट धागे फेकतात. ते धागे फेकणारे अवयव डेंड्रोकायरोटिडा गणात नसतात, त्यामुळे सागरी सफरचंदाचा बचाव विष, टणक त्वचा आणि अंग मिटून घेणे यांवरच अवलंबून असतो.

औषधसंशोधनातही या गणाकडे लक्ष गेले आहे. *पेंटाक्टा क्वाड्रँग्युलॅरिस* या काटेरी जातीतून फिलिनॉप्साइड नावाची संयुगे वेगळी करण्यात आली असून ती प्रयोगशाळेत नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतात. जपानी *क्युक्युमॅरिया एकिनाटा* या जातीतील एका प्रथिनाचा उपयोग अधिक अनपेक्षित आहे. २००७ मध्ये संशोधकांनी या प्रथिनाचे जनुक *ॲनोफेलिस स्टीफेन्साय* डासात घातले, तेव्हा त्या डासांच्या आतड्यात हिवतापाच्या परजीवींची वाढ खुंटली. हाच डास भारतातील शहरांमध्ये हिवताप पसरवतो. यांपैकी कशाचेही अद्याप रुग्णाला देण्याजोगे औषध झालेले नाही.

== प्रजनन आणि पुनरुद्भवन ==

नर व मादी वेगळे असतात, पण बाहेरून ते ओळखता येत नाहीत. इतर सर्व विद्यमान कंटकचर्मींमध्ये जननग्रंथी अनेक असतात. समुद्रकाकडीत ती एकच असते आणि तिचे द्वार संस्पर्शकांच्या जवळ असते. अंडी व शुक्रपेशी पाण्यात सोडल्या जातात. डेंड्रोकायरोटिडा गणातील अंडी मोठी आणि पिवळ्या बलकाने भरलेली असतात. त्यामुळे डिंभकाला स्वतः अन्न मिळवावे लागत नाही. पिंपाच्या आकाराचा डिंभक काही काळ पोहतो, त्याला पाच संस्पर्शक फुटतात आणि मग तो तळावर बसतो.

*कोलोकायरस रोबस्टस* ही जाती याशिवाय मधोमध दुभंगूनही वाढते. पुढचा अर्धा भाग नवे गुदद्वार व श्वसनवृक्ष तयार करतो आणि मागचा अर्धा भाग नवे तोंड, संस्पर्शक व चुनखडीचे कडे घडवतो.

गमावलेले अवयव पुन्हा घडवण्याची ही क्षमता, म्हणजे पुनरुद्भवन, संकटातही उपयोगी पडते. तीव्र त्रास झाल्यास समुद्रकाकड्या आतील अवयव बाहेर टाकतात. गाळ खाणाऱ्या अनेक जाती ते गुदद्वारावाटे टाकतात. डेंड्रोकायरोटिडा गणात मात्र पुढचा भाग फुटतो आणि संस्पर्शक, चुनखडीचे कडे व आतडे एकत्र बाहेर पडतात. आकर्षी स्नायूंना जोडणारा कंडरा काही क्षणांत मऊ पडल्याने हे शक्य होते. तोंडही नाही आणि आतडेही नाही अशा अवस्थेत उरलेले शरीर काही आठवडे काढते आणि दोन्ही नव्याने उगवते.

== मत्स्यालयातील सागरी सफरचंद ==

रंगांमुळे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांसाठी या प्राण्याला जगभर मागणी आहे आणि विकले जाणारे जवळजवळ सर्व प्राणी समुद्रातून पकडलेले असतात. काचेच्या टाकीत त्याची गरज भागवणे फार कठीण जाते. माशांसाठी टाकलेले खाद्य त्याच्या संस्पर्शकांसाठी फार मोठे असते, आणि टाकी स्वच्छ दिसावी म्हणून बसवलेले गाळणयंत्र नेमके तेच सूक्ष्म कण काढून टाकते ज्यांवर तो जगतो. उपासमार झाली तरी तो लगेच मरत नाही. स्वतःच्या ऊती खर्च करत महिनोन्‌महिने आकसत जातो. संस्पर्शक पसरत असल्यामुळे मालकाला तो निरोगी वाटतो. मासे संस्पर्शक कुरतडत असतील किंवा पंपाच्या तोंडाशी शरीर ओढले गेले असेल तर शेवट लवकर होतो. मृत वा जखमी प्राण्यातून सॅपोनिने पाण्यात उतरतात. समुद्रात ती वाहून जातात, पण टाकीतले पाणी मर्यादित असल्याने सोबतचे मासे मरू शकतात. अशा वेळी बहुतांश पाणी बदलणे आणि सक्रिय कोळशातून पाणी गाळणे हे उपाय करतात.

== भारतातील आढळ आणि संरक्षण ==

सागरी सफरचंदाचा प्रदेश हिंदी महासागर व पश्चिम प्रशांत महासागराच्या उष्ण भागात पसरलेला आहे. भारतात *सर्कोडेमास अँसेप्स* आणि *पेंटाक्टा क्वाड्रँग्युलॅरिस* या रंगीत गाळणभक्षी जाती तमिळनाडूजवळील मन्नारच्या आखातात आढळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे. पावसाळ्यात खाड्यांतून येणारे गोडे पाणी आणि गाळ यांमुळे उथळ पाण्यातील क्षारता घटते व पाणी गढूळ होते. हे दोन्ही या प्राण्यांना मानवत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडक आणि प्रवाळ सामावून घेणारे मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर दूर समुद्रात असलेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश मात्र खाड्यांच्या गाळापासून मुक्त असून तेथे विस्तृत प्रवाळ आहेत.

भारतातील समुद्रकाकड्यांचा व्यापार जुना असला तरी तो रंगीत जातींचा नव्हता. मन्नारचे आखात आणि पाल्कच्या उपसागरातून *होलोथुरिया स्काब्रा* यांसारख्या गाळ खाणाऱ्या, जाड त्वचेच्या जाती उकडून, वाळवून चीन व आग्नेय आशियात पाठवल्या जात. साठे घटू लागल्यावर १९८२ मध्ये ७५ मिलिमीटरपेक्षा लहान मालाच्या निर्यातीवर बंदी आली. १९८८ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या तुतिकोरिन येथील केंद्रात *होलोथुरिया स्काब्रा*ची पिल्ले प्रथमच कृत्रिम रीत्या तयार करण्यात आली. पुढे ११ जुलै २००१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने सर्व होलोथुरियन प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला मिळणारे संरक्षण त्यांना मिळाले आणि त्यांना पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा ठरला.

अधिसूचनेत जातींचा भेद केलेला नसल्याने सागरी सफरचंदही तिच्या कक्षेत आले. परदेशातील दुकानांत सहज मिळणारा हा प्राणी मुंबई वा पुण्यातील मत्स्यालयाच्या दुकानात विक्रीला ठेवता येत नाही, ही बाब अनेक हौशी लोकांना माहीत नसते. सरसकट बंदीवर तमिळनाडूतील मच्छीमार आणि काही मत्स्यशास्त्रज्ञ यांनी आक्षेप घेतलेला आहे. शेजारच्या श्रीलंकेत परवाना घेऊन हाच व्यवसाय करता येतो, त्यामुळे बंदीने चोरटा व्यापार वाढवला असे त्यांचे म्हणणे आहे. लक्षद्वीपमध्येही चोरटी पकड उघडकीस आल्यानंतर २०२० मध्ये चेरियापाणी येथे समुद्रकाकड्यांसाठी २३९ चौरस किलोमीटरचे संवर्धन क्षेत्र स्थापन करण्यात आले.

जागतिक पातळीवर लक्ष मात्र खाद्य जातींवरच राहिले आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने केलेल्या मूल्यमापनात ॲस्पिडोकायरोटिडा गणातील १६ जाती धोक्यात असल्याचे आढळले, कारण वाळवून विकल्या जाणाऱ्या बहुतेक जाती त्या गणातील आहेत. सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात २०१९ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये *थेलेनोटा* प्रजातीतील जातींचा समावेश झाला. त्याही सर्व गाळ खाणाऱ्या आहेत. डेंड्रोकायरोटिडा गण, आणि त्यासोबत सागरी सफरचंद, त्या मूल्यमापनात नव्हता.